लॉग टेबल नेमकं कुणाचं? हेन्री ब्रिग्ज आणि त्याचे आडनावबंधू

प्रश्न असा आहे: “लॉगॅरिदम नेपियरने शोधला असं पुस्तकात असतं. मग ‘ब्रिग्जचे लॉगॅरिदम’ हा काय प्रकार आहे? हा ब्रिग्ज कोण, त्याने नवीन काय केलं? आणि धुळे-साताऱ्याच्या इतिहासात भेटणारा ब्रिग्ज, मायर्स-ब्रिग्ज व्यक्तिमत्त्व चाचणीतला ब्रिग्ज, हे सगळे एकाच घराण्यातले का?”

कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवण्यात माझी हयात गेली आणि ब्रिग्ज हा माझ्या जिव्हाळ्याचा माणूस आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थेट उत्तर आधी. लॉगॅरिदमची, म्हणजे गुणाकाराचं काम बेरजेवर आणणाऱ्या आकड्यांची, कल्पना स्कॉटलंडच्या जॉन नेपियरची, १६१४ सालची. ते श्रेय त्याचंच आहे. पण आपण अकरावी-बारावीत हातात घेतलेलं लॉग टेबल नेपियरचं नाही. दहा हा पाया धरून (दहाचा कितवा घात घेतला की ती संख्या येते, तो तिचा लॉग), १ चा लॉग शून्य आणि १० चा लॉग एक मानून केलेली सारणी हेन्री ब्रिग्जची. तुमच्या डोक्यात कायमचा बसलेला ०.३०१० हा आकडा पहिल्यांदा छापला गेला तो ब्रिग्जच्या १६१७ सालच्या छोट्याशा पुस्तिकेत, आणि तोही चार नाही तर चौदा दशांश स्थळांपर्यंत: ०.३०१०२९९९५६६३९८. आजच्या संगणकावर पडताळून पाहा, शेवटच्या अंकापर्यंत बरोबर आहे.

ब्रिग्जचा जन्म १५६१ चा, यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सजवळच्या वॉर्लीवुडचा. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकला, तिथेच फेलो झाला. १५९६ मध्ये लंडनला नवं ग्रेशम कॉलेज उभं राहत होतं. थॉमस ग्रेशम या धनाढ्य व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातून ते आलं होतं आणि त्याची अट अशी की व्याख्यानं सर्वांसाठी मोफत असावीत, लॅटिनबरोबर इंग्रजीतूनही व्हावीत. तिथला भूमितीचा पहिला प्राध्यापक म्हणजे ब्रिग्ज. विद्यापीठाच्या भिंतीआड न बसता तो खलाशी, नकाशे काढणारे, उपकरणं घडवणारे कारागीर अशा लोकांच्या शहरात येऊन बसला आणि त्यांच्याच अडचणींवर काम करू लागला. माझ्या मते त्याच्या सगळ्या कामाची किल्ली इथे आहे. लॉगॅरिदमच्या आधीची त्याची प्रकाशित कामं पाहिली तर बहुतेक नौकानयनाच्या तक्त्यांची आहेत. एडवर्ड राइट हा त्या काळचा नौकानयनाचा मोठा गणिती, त्याच्या पुस्तकाच्या १६१० च्या आवृत्तीतही ब्रिग्जचे तक्ते आहेत.

समुद्रावर जहाजाचं स्थान काढायचं म्हणजे सात-आठ अंकी साइन (कोनांची त्रिकोणमितीतली गुणोत्तरं) एकमेकांशी गुणायचे, भागायचे. मेणबत्तीच्या उजेडात, हलत्या जहाजावर. एक अंक चुकला तर जहाज खडकावर. अशा काळात नेपियरचं पुस्तक त्याच्या हाती पडलं. मार्च १६१५ मध्ये जेम्स अशर या विद्वान मित्राला त्याने लिहिलं की नेपियरच्या या नव्या लॉगॅरिदमने माझं डोकं आणि हात दोन्ही कामाला लावले आहेत, इतकं आनंद देणारं आणि इतकं आश्चर्यात टाकणारं पुस्तक मी पाहिलेलं नाही, देवाच्या मनात असेल तर या उन्हाळ्यात त्याला भेटेन.

आणि तो खरंच गेला. लंडनहून एडिंबरापर्यंत, चारशे मैलांच्या आसपास, त्या काळच्या रस्त्यांवरून, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी. नेपियरच्या मर्चिस्टनच्या गढीत तो महिनाभर राहिला. त्या पहिल्या भेटीची एक गोष्ट विल्यम लिली या ज्योतिषाने आपल्या आत्मचरित्रात दिली आहे: दोघे समोरासमोर आले आणि जवळजवळ पाव तास एकमेकांकडे कौतुकाने नुसते पाहत राहिले, कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. ऐकीव गोष्ट आहे, पण मला ती पटते. त्याच लिलीने हेही नोंदवलं आहे की नेपियरला ज्योतिषाची फार आवड होती आणि ब्रिग्ज मात्र ज्योतिषाची सर्वांत कडक टर उडवणारा माणूस होता. अशा दोघांचं एवढं जमावं, हे मला त्या गणिताचंच मोठेपण वाटतं.

या भेटीत काय ठरलं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण श्रेयाचा सगळा प्रश्न तिथेच आहे.

नेपियरची सारणी साइनसाठी होती. त्रिज्या १ कोटी मानलेली. त्या १ कोटीचा लॉग शून्य, आणि संख्या जसजशी लहान होईल तसतसा लॉग मोठा. कल्पना विलक्षण, पण वापरायला अवघड. १ चा लॉग शून्य नाही, त्यामुळे गुणाकाराची नुसती बेरीज करून भागत नाही, मध्ये एक दुरुस्ती येते. एखादी संख्या दहापट झाली की २ कोटी ३० लाखांच्या घरातला एक आकडा मिळवा किंवा वजा करा. ब्रिग्जने ग्रेशमला शिकवतानाच हे ओळखलं आणि नेपियरला पत्राने सुचवलं की पूर्ण साइनचा, म्हणजे त्रिज्येचा, लॉग शून्यच ठेवावा, पण त्याच्या दहाव्या भागाचा लॉग १ वर दहा शून्यं असा सोपा आकडा धरावा. म्हणजे दहाचं महत्त्व ब्रिग्जने पाहिलं होतं. भेटीत नेपियर म्हणाला की असा बदल माझ्याही मनात होता, पण तब्येत साथ देत नाही. त्यापेक्षा शून्य हा १ चाच लॉग का करू नये? ब्रिग्जने तिथल्या तिथे मान्य केलं की हेच सगळ्यांत सोयीचं. ही हकिगत आपल्याला कळते ती ब्रिग्जच्याच लेखणीतून. श्रेयाचा मोठा भाग स्वतःकडे ओढून घेणं त्याला सहज शक्य होतं. त्याने नेपियरच्या सूचनेची नोंद पहिल्या जागी ठेवली.

१६१६ च्या उन्हाळ्यात तो पुन्हा एडिंबराला गेला. तिसऱ्या खेपेची तयारी होती, पण एप्रिल १६१७ मध्ये नेपियर वारला. त्याच वर्षी ब्रिग्जने १ ते १००० पर्यंतच्या संख्यांचे दहा पायाचे लॉग छापले. मधल्या काळात राइटने केलेलं नेपियरच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर, राइटच्या मृत्यूनंतर, १६१६ मध्ये ब्रिग्जच्या प्रस्तावनेसह बाहेर आलं. ते अर्पण केलं होतं ईस्ट इंडिया कंपनीला. म्हणजे सुरतेकडे यायला निघणाऱ्या जहाजांच्या मालकांना, लॉगॅरिदम जन्मून दोनच वर्षं झाली असताना.

दहा पाया असल्याने नेमकं काय साधलं? २ चा लॉग ०.३०१०. २० चा १.३०१०, २०० चा २.३०१०. दशांश चिन्हानंतरचा भाग, म्हणजे मँटिसा, बदलतच नाही. आधीचा पूर्णांक, म्हणजे कॅरेक्टरिस्टिक, अंक मोजून नजरेने सांगता येतो. म्हणूनच जगातल्या सगळ्या संख्यांसाठी दोन पानांचं टेबल पुरतं. ३४७ गुणिले ५८६ करायचं तर २.५४०३ आणि २.७६७९ यांची बेरीज ५.३०८२, अँटिलॉग (लॉगवरून परत मूळ संख्या) पाहिला की २०३३००. खरं उत्तर २०३३४२. प्रयोगशाळेतल्या बहुतेक कामांना एवढं चालतं, आणि जास्त अंक हवे असतील तर मोठं टेबल घ्यायचं. आपल्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. तिथे ‘थ्री बार पॉइंट थ्री झिरो वन झिरो’ असं पुटपुटत ०.००२ चा लॉग लिहिणारी मुलं ब्रिग्जच्याच रस्त्यावरून चाललेली असतात.

आता हे लॉग त्याने काढले कसे? मी वर्गात यावर नेहमी जास्त वेळ देत असे, कारण ‘ब्रिग्जने नुसती हमाली केली’ हा गैरसमज इथेच मोडतो.

त्याच्याकडे कलनशास्त्र (कॅल्क्युलस) नव्हतं. न्यूटनचा जन्म व्हायला अजून अडीच दशकं होती. त्याच्याकडे होतं वर्गमूळ. १० चं वर्गमूळ काढलं की लॉग निम्मा होतो, म्हणजे ०.५. त्याचं पुन्हा वर्गमूळ, लॉग ०.२५. असं करत तो चोपन्न वेळा गेला, तीसहून जास्त दशांश स्थळं सांभाळत. शेवटी उरलेली संख्या १ च्या इतकी जवळ होती की १ नंतर दशांशात पंधरा शून्यं आणि मग १२७८१९१४९३... असे अंक. इथे त्याच्या लक्षात आलं की १ च्या इतक्या जवळ आल्यावर १ पेक्षा जास्तीचा जो कण आहे तो आणि लॉग सरळ प्रमाणात चालतात. कण निम्मा झाला की लॉगही निम्मा. मग त्या दोघांचं गुणोत्तर एकदाच काढून ठेवायचं: ०.४३४२९४४८... आज आपण त्याला e चा (२.७१८... या स्थिरांकाचा) दहा पायाचा लॉग म्हणतो.

यानंतर २ चा लॉग. सरळ २ घेतला असता तर आणखी पाचेक वर्गमुळं लागली असती. त्याने २ चा दहावा घात घेतला, १०२४. त्याला हजाराने भागलं, १.०२४. ही संख्या आधीच १ जवळ आहे. तिची सत्तेचाळीस वर्गमुळं काढली, उरलेल्या कणाला त्या गुणोत्तराने गुणलं, पुन्हा सत्तेचाळीस वेळा दुप्पट केलं: १.०२४ चा लॉग ०.०१०२९९९५६६३९८. त्यात हजाराचे ३ मिळवा आणि दहाने भागा. आला २ चा लॉग. मूळ (अविभाज्य) संख्यांचे लॉग असे काढले की संयुक्त संख्यांचे बेरजेने मिळतात.

घरी करून पाहायचं असेल तर साधा कॅल्क्युलेटर घ्या. १० लिहून वर्गमुळाचं बटण दहा वेळा दाबा, १ वजा करा, सुमारे ०.००२२५११ येईल. २ घेऊन तेच करा, सुमारे ०.०००६७७१ येईल. दुसऱ्याला पहिल्याने भागा. ०.३००८ च्या आसपास उत्तर येतं. दहा वर्गमुळांतच आपण ०.३०१० च्या दारात पोचतो. लॉग म्हणजे काय हे मुलांना व्याख्येने कळत नाही तेव्हा या दहा दाबांनी कळतं, असा माझा अनुभव आहे.

आणि एवढी वर्गमुळं हाताने काढताना ब्रिग्जने त्या आकड्यांच्या रांगेकडे डोळे उघडे ठेवून पाहिलं. लागोपाठच्या मुळांतले कण जवळजवळ निम्मे होतात, पण पूर्ण निम्मे नाहीत. ती तफावत किती, त्या तफावतीची तफावत किती, याचा नियम त्याला सापडला आणि पुढची मुळं त्याने वर्गमूळ न काढता नुसत्या वजाबाक्यांनी मिळवली. त्या नियमात एक द्वितीयांश, एक अष्टमांश, एक षोडशांश असे जे सहगुणक दडलेले आहेत ते म्हणजे एक द्वितीयांश घाताचं द्विपद प्रमेय (दोन पदांच्या बेरजेचा घात उलगडण्याचं सूत्र). न्यूटनने ते सर्वसाधारण रूपात मांडलं १६६५ च्या सुमारास. ब्रिग्जचं पुस्तक आहे १६२४ चं. अंतरांवरून मधल्या किमती भरण्याची त्याची पद्धतही काळाच्या खूप पुढची होती. कष्ट कमी करण्याच्या धडपडीतून नवं गणित जन्माला आलं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

१६२४ चं ते पुस्तक, ‘अरिथ्मेटिका लॉगॅरिथ्मिका’, त्याचं मुख्य काम. १ ते २०,००० आणि ९०,००० ते १,००,००० अशा तीस हजार संख्यांचे चौदा स्थळांचे लॉग. मधली दरी हॉलंडच्या आद्रियान व्लाकने १६२८ मध्ये दहा स्थळांपर्यंत भरून काढली आणि पुढची कितीतरी टेबलं या दोघांच्या आकड्यांवरून उतरवली गेली. चौदा स्थळांची गरज मोजक्यांनाच होती, त्यामुळे सात, पाच, चार असे अंक कापत कापत ते आपल्या वहीपर्यंत आलं. इंग्लंडमध्ये ए. जे. थॉम्प्सन यांनी ब्रिग्जच्या कामाच्या त्रिशताब्दीनिमित्त वीस स्थळांची सारणी हाती घेतली. पहिला भाग १९२४ मध्ये आला आणि काम पुरं व्हायला १९५२ उजाडलं.

ब्रिग्ज तोवर ऑक्सफर्डला गेला होता. हेन्री सॅव्हिलने तिथे भूमितीचं अध्यासन स्थापलं, स्वतः युक्लिडची पहिली आठ प्रमेयं शिकवून जागा ब्रिग्जच्या हवाली केली, आणि ब्रिग्जने नवव्यापासून धडा पुढे चालू केला. दोन्ही ठिकाणी भूमितीचा पहिला प्राध्यापक तोच. १६३० मध्ये तो वारला, मर्टन कॉलेजच्या चॅपेलमध्ये पुरला आहे. साइन-टॅन्जंटचं त्याचं अपुरं काम हेन्री गेलिब्रँडने पुरं करून १६३३ मध्ये हॉलंडात छापून घेतलं. त्यात अंशाचे साठ मिनिटांऐवजी शंभर भाग केले आहेत. हा सुधार मात्र जगाने स्वीकारला नाही.

त्याचं सगळंच बरोबर होतं असं नाही. अमेरिकेच्या वायव्येकडून पॅसिफिकला जाणारा समुद्रमार्ग असावा असा त्याचा विश्वास होता, त्यावर त्याने १६२२ मध्ये लिहिलं, आणि १६२५ मध्ये छापलेल्या त्याच्या नकाशात कॅलिफोर्निया हे चक्क बेट आहे. ती समजूत नंतरच्या नकाशांत पुढे बराच काळ टिकली.

वारसा म्हणाल तर लॉगचं माप पट्टीवर उतरवणारा एडमंड गंटर हा त्याचा ग्रेशममधलाच सहकारी. त्यातून स्लाइड रूल (सरकवून गुणाकार-भागाकार करायची पट्टी) आली आणि १९७२ मध्ये खिशातला वैज्ञानिक कॅल्क्युलेटर येईपर्यंत इंजिनिअरांच्या हाती राहिली. आज परीक्षेबाहेर गुणाकारासाठी लॉग सहसा कुणी वापरत नाही, पण पीएच, डेसिबल, भूकंपाची रिश्टर मोजपट्टी या सगळ्यांत दहाचाच पाया आहे. पीएच एकाने घसरला म्हणजे आम्लता दहापट, हे वाक्य ब्रिग्जच्या पायाशिवाय इतकं सरळ झालंच नसतं. चंद्रावरच्या एका विवरालाही त्याचं नाव आहे.

आता आडनावाचं. ब्रिग हा उत्तर इंग्लंडच्या बोलीत पूल. पुलापाशी राहणारे ते ब्रिग्ज. पूल गावोगाव, म्हणून घराणीही अनेक. आपल्याकडे पाटील-कुलकर्णी म्हणून सगळे एका कुळाचे ठरत नाहीत, तसंच. त्यामुळे खालच्या मंडळींना हेन्रीचे वंशज समजू नका.

विल्यम ब्रिग्ज (१६४२ ते १७०४) हा डोळ्यांचा वैद्य, दृष्टीच्या त्याच्या सिद्धान्तावरच्या लॅटिन पुस्तकाला खुद्द न्यूटनने प्रस्तावना लिहिली. लायमन ब्रिग्ज हा अमेरिकन पदार्थवैज्ञानिक. १९३९ मध्ये रूझवेल्टने नेमलेल्या युरेनियम समितीचा तो अध्यक्ष होता, पुढे जे अणुबाँबपर्यंत गेलं त्याची ही पहिली पायरी. रॉबर्ट ब्रिग्जने थॉमस किंगबरोबर १९५२ मध्ये बेडकाच्या अंड्यात दुसऱ्या पेशीचं केंद्रक बसवून दाखवलं, क्लोनिंगची वाट तिथून निघते. कॅथरीन ब्रिग्ज ही मायर्स-ब्रिग्ज चाचणीतली. तिने मुलगी इझाबेल मायर्सबरोबर ती रचली. चाचणी नोकरीच्या ठिकाणी खूप वापरली जाते, पण तिच्या शास्त्रीय पायाबद्दल मानसशास्त्रज्ञांना गंभीर शंका आहेत आणि मलाही तिच्यावर विसंबणं धोक्याचं वाटतं. क्रिकेटवाल्यांना लँकेशरचा जॉनी ब्रिग्ज ठाऊक असेल: कसोटीत शंभर बळी घेणारा पहिला गोलंदाज, १८८९ मध्ये केपटाउनला एका कसोटीत २८ धावांत १५ बळी. मला यांतले सर्वांत जवळचे वाटतात थॉमस ब्रिग्ज. ते आणि वॉरन राउशर हे सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हायस्कुलातले विज्ञानशिक्षक. रंगहीन, मग पिवळं, मग गडद निळं, पुन्हा रंगहीन असं आपोआप हेलकावे खाणारं द्रावण त्यांनी शोधलं आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध केलं. शाळेतल्या मास्तरांच्या नावाची अभिक्रिया जगभरच्या प्रयोगशाळांत दाखवली जाते.

राहिला आपल्याकडचा ब्रिग्ज. जॉन ब्रिग्ज (१७८५ ते १८७५), मद्रास फौजेतला. १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर कमिशनर एल्फिन्स्टनच्या हाताखाली कॅप्टन ब्रिग्ज खानदेशाचा पोलिटिकल एजंट झाला. जिल्ह्याचं ठाणं म्हणून धुळे निवडलं ते त्याने. गाव मध्यावर होतं, सुरत आणि दख्खन यांच्या व्यापाराच्या वाटेवर होतं. कचेऱ्या बांधायला लांबून कारागीर आणावे लागले. आजचं धुळे शहर वाढलं ते त्या निर्णयापासून. १८२३ मध्ये ग्रँट डफनंतर तो साताऱ्याला छत्रपती प्रतापसिंहांच्या दरबारी रेसिडेंट, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी, झाला, पुढे नागपूरलाही. फिरिश्ता या इतिहासकाराच्या फार्सी इतिहासाचं त्याचं इंग्रजी भाषांतर १८२९ मध्ये चार खंडांत निघालं. मध्ययुगीन दख्खनवर काम करणारे आजही ते उघडतात, मात्र मूळ फार्सीशी ताडून. प्रतापसिंहांना १८३९ मध्ये गादीवरून काढल्यावर त्यांची बाजू इंग्लंडात कंपनीच्या भागधारकांपुढे मांडणाऱ्यांत हा जनरल ब्रिग्ज होता.

तेव्हा गॅझेटिअरमध्ये, साताऱ्याच्या कागदपत्रांत किंवा फिरिश्त्याच्या तळटिपेत ‘ब्रिग्ज’ दिसला तर तो जॉन. आणि एखाद्या जुन्या लॉग टेबलच्या मुखपृष्ठावर ‘ब्रिग्जियन’ किंवा ‘कॉमन लॉगॅरिदम्स’ असं छापलेलं दिसलं तर तो वॉर्लीवुडचा हेन्री. ‘कॉमन’ असं लिहून नाव गाळलं असेल, तरी आतले आकडे त्याचेच आहेत.